डावाचा शेवट आणि वहीतली बाकी



या आठवड्याच्या व्हिडिओत मी काउंटरवर पट मांडून बसलो होतो. पटावर दोन राजे आणि एकच प्यादं. काही जणांना वाटलं असेल, आता यानं बुद्धिबळाचा क्लास काढला की काय! तसं नाही. व्हिडिओ बारा मिनिटांचा होता, त्यात निम्मंच बसलं. उरलेलं इथं लिहितोय. वही-पेन घेऊन वाचा, शेवटी काम आहे.

आपल्याकडे धंद्याचं जे शिकवतात ते सगळं सुरुवातीचं असतं. गाळा कुठं घ्यायचा, कर्ज कसं काढायचं, बोर्ड केवढा लावायचा, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. मीही इतके दिवस बहुतेक तेच शिकवत आलो. पण माझ्या आजूबाजूला जी दुकानं बंद पडलेली मी पाहिली, त्यातली बरीचशी सुरुवात चुकली म्हणून बंद पडली नाहीत. माल गेला होता, गिऱ्हाईक खूश होतं, फक्त पैसे यायचे राहिले होते. आणि ते शेवटपर्यंत आले नाहीत.

माझंच सांगतो. २०१४ च्या जूनमध्ये मी एका शेतकऱ्याला ९२,००० रुपयांचा ठिबकचा संच दिला. त्यानं २८,००० रोख दिले, ६४,००० उधार. वहीत मी माझ्या हातानं लिहिलं, त्याची सही घेतली नाही. ओळखीचा माणूस, सही कसली मागायची? दर महिन्याला फोन करायचो. "देतो की भाऊ, पळून चाललो का?" असं करत करत २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. मग चिडून वकिलाकडे गेलो. वकिलांनी वही पाहिली, तारीख पाहिली आणि विचारलं, "मधे काही लिहून घेतलंय का त्याच्याकडून?" नाही. "मग मुदत गेली." बीबीएच्या तीन वर्षांत मी मार्केटिंगचे सगळे 'पी' पाठ केले होते, पण ही मुदत कुठली ते मला माहीत नव्हतं. ते ६४,००० आजही आलेले नाहीत. त्या वर्षी माझा निव्वळ नफा त्याच्यापेक्षा थोडाच जास्त होता.

म्हणून हा धडा डावाच्या शेवटाबद्दल.

आधी एक ताजं उदाहरण, आपल्या महाराष्ट्रातलं. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिलांचा बुद्धिबळ वर्ल्ड कप झाला. नागपूरची दिव्या देशमुख तेव्हा १९ वर्षांची. उपांत्य फेरीत समोर चीनची टॅन झोंगयी, माजी जगज्जेती. पहिला डाव बरोबरीत. दुसरा डाव चालला १०१ खेळ्या. साधारण डाव चाळीस-पन्नास खेळ्यांत आटपतात, हे लक्षात घ्या म्हणजे १०१ चा अर्थ कळेल. तासन्‌तास बसून डोकं जड झालेलं, घड्याळात सेकंद उरलेले, आणि तरी एकेक खेळी नीट करायची. तो डाव दिव्यानं काढला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, वय ३८, अनुभव दिव्याच्या वयाएवढा. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला कमी वेळाचे डाव झाले. त्यातला पहिला बरोबरीत आणि दुसरा, अगदी शेवटाकडे, दिव्यानं जिंकला. त्या एका विजयानं ती वर्ल्ड कप जिंकणारी पहिली भारतीय महिला झाली आणि ग्रँडमास्टरचा किताबही तिला थेट मिळाला. भारताची ८८ वी ग्रँडमास्टर.

यात मला काय दिसतं सांगू? उपांत्य आणि अंतिम, दोन्ही फेऱ्यांत पहिल्या तासाला काहीच ठरलं नव्हतं. जे ठरलं ते दोघीही थकल्यावर ठरलं. उधारीचं, पार्टनरशिप मोडण्याचं, गाळ्याच्या भाड्याच्या वादाचं अगदी असंच असतं. पहिल्या बैठकीत सगळे ताजेतवाने असतात, सगळे हुशार असतात. तिसऱ्या वर्षी कोण नीट हिशोब मांडून बसतो, त्यावर निकाल लागतो.

आता पटाकडे या. शेवटच्या टप्प्यात मोहरी थोडी उरतात, वजीर बहुतेक वेळा मारले गेलेले असतात. आणि एक मोठा बदल होतो, जो नवशिक्याला कळत नाही. सुरुवातीला राजाला आपण कोपऱ्यात लपवतो, हत्तीच्या आणि प्याद्यांच्या आड. शेवटी तोच राजा बाहेर काढावा लागतो. वजीर नसल्यामुळे त्याला धोका कमी आणि काम जास्त. एक प्यादं पुढं नेऊन त्याचा वजीर करायचा असेल, तर राजा प्याद्याच्या पुढं चालला पाहिजे. प्यादं पुढं पळवलं आणि राजा मागं राहिला, तर समोरचा राजा आडवा येऊन उभा राहतो आणि जिंकणारा डाव बरोबरीत जातो. व्हिडिओत मी हेच करून दाखवलं होतं.

दुकानात याचा अर्थ काय? पहिले सहा महिने वसुलीला पोऱ्या पाठवला, व्हॉट्सॲपवर आठवण केली, तरी चालतं. पण शेवटची रक्कम अडकली की मालकानं स्वतः जायचं. फोन नको, मेसेज नको, चारचौघात टोमणा तर अजिबात नको. सकाळी लवकर, तो दूध घालून आला की त्याच्या वस्तीवर. मी स्वतः गेलो तेव्हा मला ज्या गोष्टी कळल्या त्या फोनवर तीन वर्षांत कळल्या नसत्या. कोणाच्या घरी आजारपण होतं, कोणाची मोटार जळाली होती, आणि एकाकडे दारात नवी गाडी उभी होती. प्रत्येकाशी बोलायची खेळी मग वेगळी.

आता मुदतीचा भाग, आजच्या लेखात हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे, सावकाश वाचा.

बुद्धिबळात पन्नास खेळ्यांचा नियम आहे. दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास खेळ्या झाल्या आणि त्यात एकही प्यादं हललं नाही, एकही मोहरं मारलं गेलं नाही, तर खेळाडू बरोबरी मागू शकतो. तुमच्याकडे कितीही ताकद असो, तुम्ही नुसते गोल गोल फिरत असाल तर डाव संपला. पण एकोणपन्नासाव्या खेळीला तुम्ही एक प्यादं एक घर सरकवलं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

उधारीलाही असाच नियम आहे. १९६३ चा मुदत कायदा सांगतो की विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा तीन वर्षांत लावला पाहिजे. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षं, आणि "अमुक तारखेपर्यंत देईन" असं ठरलं असेल तर ती तारीख उलटल्यापासून तीन वर्षं. तुम्ही किती फोन केले, किती चकरा मारल्या, याला किंमत नाही. ते गोल गोल फिरणं झालं. पण मुदत संपायच्या आत समोरच्यानं "माझ्याकडे इतके बाकी आहेत" असं लिहून सही केली, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्यानं मोजतात. मुदतीच्या आत त्यानं थोडे पैसे भरले आणि त्या भरण्याची नोंद त्याच्या हातची किंवा त्याच्या सहीची असली, तरीही मोजणी नव्यानं सुरू होते. नुसतं तुम्ही तुमच्या वहीत लिहिलेलं "५०० जमा" पुरत नाही. हीच माझी चूक होती.

मुदत संपल्यावर काहीच उरत नाही का? कराराच्या कायद्यात एक वाट आहे. मुदत गेलेली बाकीसुद्धा "मी देईन" असं त्यानं स्पष्ट लिहून सही करून दिलं, तर तो नवा करार धरला जातो. पण विचार करा, ज्यानं तीन वर्षं दिले नाहीत तो मुदत गेल्यावर कशाला लिहून देईल? माझ्यानं तर दिलं नाही. तुमचं प्रकरण मोठं असेल तर वकिलाला दाखवा, मी दुकानदार आहे. पण वकिलाकडे तिसऱ्या वर्षी नको, दुसऱ्या वर्षी जा.

ज्यांचं दुकान नाही, छोटं उत्पादन किंवा सेवेचं काम आहे, म्हणजे मसाले, फॅब्रिकेशन, छपाई असं काही, त्यांनी उद्यम नोंदणी करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. आपल्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना मात्र या तरतुदीचा फायदा नाही, म्हणून दुकानदारानं त्या भरवशावर बसू नये.

पुढचा मुद्दा मला स्वतःला फार उशिरा कळला.

पटावर परत ते प्यादं घ्या. तुमचं प्यादं सातव्या रांगेत पोचलंय, एक घर गेलं की वजीर. समोर काळा राजा अडून उभा. तुम्ही घाईनं आपला राजा प्याद्याच्या मागं आणून उभा केला. आता काळ्याची खेळी. त्याला शह नाही, पण हलायला एकही घर नाही. तुम्हाला वाटतं, कोंडला! पण नियमानं हा डाव बरोबरीत. स्टेलमेट. तुमच्याकडे प्यादं आहे, त्याच्याकडे काही नाही, आणि तरी अर्धा-अर्धा गुण.

आपल्या जुन्या देशी पद्धतीच्या खेळात याहून भारी नियम होता. समोरच्याची सगळी मोहरी मारली आणि राजा एकटाच उरला, तर त्याला बुर्जी म्हणायचे आणि डाव बरोबरीत सुटायचा. म्हणजे जिंकायचं असेल तर समोरच्याचं एखादं मोहरं जाणूनबुजून शिल्लक ठेवायला लागायचं! आणि प्याद्यानं केलेल्या मातीचा मान मोठा. ज्यांनी हा नियम बसवला ते नक्की कुठंतरी व्यापारी असणार, असं मला गमतीनं वाटतं.

कारण बाजारात मी बुर्जी होताना पाहिली आहे. एका ओळखीच्या दुकानदारानं बाकीसाठी गिऱ्हाइकाची मोटारच उचलून आणली. पाणी बंद, पीक वाळलं, आता तो माणूस देणार कुठून? वर गावात बभ्रा झाला, त्या वस्तीवरची बाकीची पाच-सहा गिऱ्हाइकंही तुटली. जुन्या मोटारीचे भंगाराच्या भावानं जे आले ते आले. समोरच्याचं कमवायचं साधन त्याच्याकडे राहू द्या. त्याला एक खेळी शिल्लक ठेवा. हप्ता लहान करा, सुगीशी जोडा, चार लोकांत मान राहील असं बोला. पण सही घ्या. सही आणि सवलत एकाच बैठकीत, हे माझं पक्कं आहे. सवलत आधी दिली की सही राहून जाते.

आता चिकाटीबद्दल. २०२१ मध्ये दुबईत मॅग्नस कार्लसन आणि रशियाचा नेपोम्नियाची यांची जगज्जेतेपदाची लढत होती. पहिले पाच डाव बरोबरीत. सहावा चालला १३६ खेळ्या, पावणेआठ तासांच्या आसपास. जगज्जेतेपदाच्या इतिहासातला तो सगळ्यात लांब डाव. शेवटी कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी, समोर एकटा वजीर. अचूक खेळलं तर बरोबरी व्हावी अशी स्थिती. कार्लसननं काही चमत्कार केला नाही, प्रत्येक खेळीला समोर एक छोटा प्रश्न ठेवत गेला. शेवटी समोरच्याची चूक झाली. त्यानंतर नेपोम्नियाची सावरलाच नाही, लढत ७.५–३.५ अशी संपली. २०२४ ला सिंगापूरला गुकेशचंही तसंच. १३ डावांनंतर ६.५–६.५. १२ डिसेंबरचा चौदावा डाव सगळ्यांना बरोबरीतच जाणार वाटत होता. गुकेशकडे एक प्यादं जास्त, बस. तो खेळत राहिला. ५५ व्या खेळीला डिंग लिरेनचा हत्ती चुकीच्या घरी गेला आणि १८ वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला.

इथं "सोडू नका, लढत राहा" असं ओरडून सांगायचा मोह होतो. पण ते अर्धंच खरं आहे, आणि दुसरं अर्धं आपल्या नगरच्या वेशीवर आहे.

आपण कड्याहून माल आणायला नगरला जातो, पन्नासेक किलोमीटर. नगरला लागूनच भिंगार. तिथं १७०७ मध्ये औरंगजेब वारला. १६८१-८२ ला तो दख्खनेत उतरला तो उत्तरेत परत गेलाच नाही. जिंजीच्या किल्ल्याला त्याच्या फौजेनं १६९० पासून १६९८ पर्यंत वेढा घातला. किल्ला मिळाला तेव्हा राजाराम महाराज आधीच निसटलेले. पुढं म्हाताऱ्या वयात स्वतः एकेक किल्ला घेत फिरला, मागं मराठे तो परत घेत होते. पंचवीस वर्षांच्या वर खजिना, माणसं, जनावरं ओतली. आधीच इतका खर्च झालाय, आता सोडायचं कसं, हा हिशोब त्याला खाली बसवत गेला.

तुमचं ३,००० रुपयांचं येणं असेल आणि त्यासाठी तुम्ही दहा चकरा मारल्या असतील, तर आधी चकरांचा हिशोब करा. पेट्रोल, दुकान बंद राहिलेला वेळ, डोक्याला ताप. मी आता प्रत्येक जुन्या बाकीपुढं एक आकडा लिहितो: यापुढं या वसुलीवर जास्तीत जास्त किती घालवायचे. तो आकडा संपला की बरोबरी मान्य. म्हणजे निम्म्यावर तोडतो, किंवा सोडतो आणि त्या माणसाला पुढं फक्त रोखीनं माल. आधी घातलेले पैसे त्या आकड्यात धरायचे नाहीत. हे लिहायला सोपं आहे, करायला माझ्या पोटात अजून दुखतं.

आणि कधीकधी लांबलेला डाव खरंच लांबवण्याच्या लायकीचा असतो. नगर–बीड–परळी रेल्वे मंजूर झाली १९९५ च्या सुमाराला, मी तेव्हा प्राथमिक शाळेत. २६१ किलोमीटरचा मार्ग. मोर्चे, निवेदनं, भूसंपादन, निम्मा वाटा राज्याचा. लोक चेष्टा करायचे की नातवाच्या लग्नाला गाडी येईल. २३ सप्टेंबर २०२२ ला आष्टीपर्यंत गाडी आली, आपल्या कड्याला स्टेशन झालं. १७ सप्टेंबर २०२५ ला ती बीडला पोचली. मधल्या काळात खर्च साडेतीनशे कोटींच्या घरातून चार हजार कोटींच्या वर गेला. उशिराची किंमत अशी असते. पण प्यादं एकेक घर सरकत राहिलं, आणि प्रत्येक सरकलेलं घर कागदावर पक्कं होत गेलं. नुसत्या आश्वासनांवर सोडलं असतं तर ते माझ्या ६४,००० सारखंच झालं असतं.

आता काम. आज दुकान बंद केल्यावर वही काढा. ज्या बाकीला दोन वर्षं उलटून गेलीत त्या नावांभोवती लाल पेनानं गोल करा. त्यातल्या कोणाकोणाची सही आहे ते बघा. सही नाही त्यांची यादी वेगळी, मुदत कोणाची आधी संपते त्या क्रमानं. रकमेच्या क्रमानं नको, तिथंच सगळे चुकतात. पहिल्या तीन नावांकडे या आठवड्यात स्वतः जायचं, उरलेल्यांना पुढच्या पंधरवड्यात. सोबत साधा कागद न्यायचा: तारीख, एकूण बाकी, आज दिलेले, उरलेले, सही. चार ओळी. एकच प्रत असेल तर मोबाईलमध्ये फोटो काढून त्यालाही पाठवायचा, म्हणजे त्यालाही वाटतं की हिशोब सरळ आहे.

मी हे कसं करतो त्याचा एक चालू डाव सांगतो. २०२२ च्या नोव्हेंबरात एका तात्यांना मोटार आणि पाईप दिले, १,१०,००० चे. ४०,००० रोख, ७०,००० उसाच्या बिलावर, फेब्रुवारीत द्यायचे ठरले. यावेळी ठरलेलं लिहून सही घेतली. फेब्रुवारीत आले नाहीत. त्या पावसाळ्यात पाऊसच पडला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये वस्तीवर गेलो, चहा झाला, २५,००० मिळाले, कागदावर सही. २०२५ च्या जानेवारीत २०,०००, पुन्हा सही. मग सप्टेंबरात अतिवृष्टी. मी महिनाभर गेलोच नाही. दिवाळीनंतर गेलो तर तात्या म्हणाले, "तू येशील म्हणून पाचच ठेवलेत रं बाजूला." ५,००० घेतले. कागद काढला तर त्यांनीच पेन मागितलं. निघताना पाईपचे दोन बंडल सांगितले, रोखीनं.

२०,००० अजून बाकी आहेत. मार्चमध्ये जाणार आहे.